खड्डा नसलेली गादी

“काकू, चप्पल काढा आणि सरळ आडव्या व्हा. लाजायचं नाही. इथं दिवसभर माणसं झोपायलाच येतात.”

दुकानातल्या बाईंनी असं म्हटल्यावर चादरताईंनी पर्स पोटाशी घट्ट धरली आणि त्या गादीच्या अगदी काठावर टेकल्या. त्यांचे यजमान मात्र पलीकडच्या बाजूला कधीच आडवे झाले होते. हात पोटावर, पाय जुळवलेले, चेहऱ्यावर हसू. चष्मासुद्धा काढून खिशात ठेवला होता.

“अगं ये की,” ते म्हणाले. “फुकटची झोप आहे.”

चादरताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात कपड्यांची खोली असते, तिथं त्या एकतीस वर्षं होत्या. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे मोजून घ्यायचे, धुऊन आले की घड्या घालून वर पाठवायचे. वरच्या मजल्यावरच्या नर्स फोनवर “चादरताई, आठ पाठवा” म्हणायच्या. तेच नाव पडलं आणि पुढं घरापर्यंत आलं. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. ते लिफ्टचे मिस्त्री. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या टपावर बसून काढली होती. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर कंपनीनं त्यांना सुट्या भागांच्या कोठारात बसवलं होतं.

गादीचं प्रकरण सुरू झालं ताईंच्या कमरेपासून. ओल्या चादरींची बोचकी ओढून ओढून कंबर अशी धरली होती की सकाळी अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग गुडघे खाली सोडायचे, मग भिंतीला धरून उभं राहायचं, एवढं सगळं करावं लागे. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, “झोपता कशावर?”

“गादीवर,” ताई म्हणाल्या.

“किती वर्षांची आहे?”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मिस्त्री म्हणाले, “मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाची.”

“आणि आता मुलगी काय करते?”

“आता तिची मुलगी शाळेत जाते.”

डॉक्टर हसले, पण औषधाच्या चिठ्ठीवर खाली ठळक अक्षरांत लिहून दिलं: गादी बदलणे. मध्यम कडक. हायब्रिड मिळाल्यास उत्तम. मिस्त्रींनी ती चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. बायकोसाठी काही करायचं म्हटलं की त्यांना हुरूप येई आणि इथं तर डॉक्टरांचा हुकूमच होता.

आजचं हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानातल्या गादीला ताईंच्या म्हणण्याप्रमाणे वास येत होता. दुसऱ्या दुकानातली फार उंच होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. मिस्त्रींनी दोन्ही वेळा मान डोलावली होती, पण त्यांचा संयम आता तळाला लागला होता. घरून निघताना ताईंनी स्वतःच म्हटलं होतं की एक वाजेपर्यंत जेवायला परत येऊ. आता अडीच वाजत आले होते.

दुकानातल्या बाई उत्साही होत्या. गळ्यात शिंप्यासारखी टेप, पायात मऊ कापडी सपाता. त्यांनी गादीचा एक कापलेला तुकडा ताईंपुढं धरला. केकसारखे थर दिसत होते.

“हे बघा काकू. खाली स्प्रिंगा. पण जुन्या पलंगासारख्या एकमेकींत अडकवलेल्या नाहीत. एकेकीला स्वतंत्र पिशवी. वर हा फोम. नुसता फोम घेतलात तर माणूस आत रुतून बसतं, नुसत्या स्प्रिंगा घेतल्यात तर खांदे दुखतात. ह्यात दोन्ही आहे, म्हणून हायब्रिड. मध्यम कडक म्हणजे कंबर खाली जात नाही आणि खांद्याला टोचतही नाही. कुशीवर झोपता की पाठीवर?”

“कुशीवर,” ताई म्हणाल्या. “ह्यांच्याकडं तोंड करून.”

मिस्त्री खूश होऊन छताकडं पाहायला लागले. “ऐकलंत ना?” ते बाईंना म्हणाले. “इतकी वर्षं झाली, अजून नजर हटत नाही.”

बाई हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडं तोंड करून झोपायच्या ते निराळ्या कारणासाठी, आणि ते कारण त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींना साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. चार वर्षांपूर्वी एका पहाटे झोपेतच त्यांची साखर एकदम उतरली. अंग थरथरायला लागलं, घामानं बनियन भिजला, हाक मारली तर तोंडातून नुसता घोगरा आवाज. ताईंनी पाण्यात साखर कालवून चमच्याचमच्यानं पाजली आणि माणूस परत आला. पण दुसऱ्या दिवशी हे सगळं त्यांना सांगितलं, तेव्हा मिस्त्री झोपेलाच घाबरले. लिफ्टच्या टपावर, पायाखाली अठरा मजले मोकळे असताना न घाबरलेला माणूस स्वतःच्या अंथरुणाला घाबरला. आठ दिवस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. डोळे मिटायला लागले की दचकून उघडायचे. नवव्या दिवशी कोठारात बसल्या बसल्या चक्कर येऊन पडले.

तेव्हा ताईंनी मनाशी ठरवलं, पुन्हा झालं तर ह्यांना सांगायचं नाही.

पुन्हा झालं. दुसऱ्या वेळी मिस्त्रींना स्वतःलाच थोडं आठवत होतं, म्हणून लपवता आलं नाही. पुढच्या सगळ्या वेळी मात्र आलं. कारण एरवी साखर उतरली की सकाळी त्यांना काहीच आठवत नसे. “तोंड गोड का लागतंय गं?” असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ताई पटकन बोलून गेल्या, “उठून बिस्किटं खाल्लीत की. झोपेत असता, लक्षात कुठं राहतंय?” मिस्त्रींना ते इतकं आवडलं की ते स्वतःला बिस्किटचोर म्हणायला लागले. कोठारात सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं, नातीनं तर त्यांचं नावच बिस्किटआजोबा ठेवलं.

आणि शेवटी त्यांनी ते साखरेच्या डॉक्टरांनाही सांगितलं. हसत हसत. डॉक्टर हसले नाहीत. झोपेतून उठून बिस्किटं खाता, मग सकाळची साखर वर दिसेल नाही तर काय होईल, असं म्हणून त्यांनी सुईचं माप वाढवून दिलं. ताई शेजारच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. माप वाढलं तर साखर आणखी उतरेल, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण नवरा त्या बिस्किटांवर मनापासून हसत होता आणि ताईंच्या डोळ्यांपुढं ती खिडकीजवळची खुर्ची आली. त्यांनी तोंड मिटलं. पुढच्या वेळी एकटीनं येऊन डॉक्टरांना सांगू, असं त्यांनी रस्त्यातच ठरवलं. ती पुढची वेळ काही आली नाही. आधी खोटं सांगितलं हे कबूल करायचं, तेही डॉक्टरांपुढं, ह्याचीच भीती बसली.

मग उरली ती जुनी गादी. तिला मधोमध मोठा खड्डा पडला होता. दोघं दोन कडांना झोपली तरी पहाटेपर्यंत त्या खड्ड्यात एकमेकांना लागून येत. कंबर त्यानंच गेली, हे डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याच खड्ड्यामुळं मिस्त्रींचं बोट हललं तरी ताईंना कळायचं. थरथर सुरू झाली की गादी ती थेट त्यांच्या बरगड्यांत आणून सोडायची. एकदाही चुकली नव्हती. मुलीनं दंडावर चिकटवायचं साखरेचं यंत्र पाठवलं होतं. ते पहिल्याच आठवड्यात उगाचच कोकलायला लागलं, कातडीवर लाल चट्टे उठले आणि मिस्त्रींनी काढून टाकलं. गादी कधी कोकलली नाही.

“बरं, आता गंमत दाखवते,” दुकानातल्या बाई म्हणाल्या.

त्यांनी काचेचा ग्लास पाण्यानं काठोकाठ भरला आणि गादीच्या मधोमध ठेवला. ताईंना आडवं व्हायला सांगितलं. ताई कण्हत आडव्या झाल्या.

“डोळे मिटा काकू. काका आता हलणार. ते हलले असं जाणवलं की हात वर करायचा.”

ताईंनी डोळे मिटले. दुकानात पंख्यांचा घूं घूं आवाज होता. कुठंतरी प्लॅस्टिकचं वेष्टण फाडत होते. त्या वाट पाहत राहिल्या. पाठीखाली काहीच हललं नाही, म्हणून हातही वर केला नाही.

“हलायला सांगा ना त्यांना,” त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

मिस्त्री मोठ्यानं हसले. “अगं, मी दोनदा कूस बदलली! पाय आपटले!”

ताईंनी डोळे उघडले. ग्लास तसाच उभा होता. पाण्यावर एक रेघसुद्धा नव्हती.

“एका स्प्रिंगेला दाबलं तर शेजारणीला पत्ता लागत नाही,” बाई अभिमानानं म्हणाल्या. “शेजारी माणूस आहे की नाही, तेसुद्धा कळणार नाही तुम्हाला.”

ताईंनी मान वळवून दुकान पाहिलं. ओळीनं पलंग, प्रत्येकावर पांढरी चादर, मधून मधून डोळे मिटून उताणी पडलेली माणसं. एक म्हातारी, एक जाड गृहस्थ, एक जोडपं. इस्पितळात काम करणाऱ्या बाईला असलं दृश्य पाहून झोप येत नसते. त्यांच्या तळघरात वरून घसरगुंडीनं बोचकी खाली येत. साध्या पेशंटच्या चादरीच्या बोचक्याला एक गाठ. पेशंट गेला असेल, तर दोन. वेगळं धुवायचं म्हणून ती खूण होती, बाकी कुणी काही बोलत नसे. एकतीस वर्षं ताईंचा हात बोचक्यावर पडायच्या आधी नजर गाठीवर पडायची. ह्या पलंगांवरच्या चादरी कुणी गोळा केल्या, तर गाठी किती मारील, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आलं आणि त्या उठून बसल्या.

“रंग नाही आवडला मला,” त्या म्हणाल्या.

“रंग?” मिस्त्रींनी चष्मा लावला. “वर चादर घालणार आहोस ना? का उघड्या गादीवर झोपून रंग बघत बसणार?”

“आणि थोडी कडक वाटते.”

“कडकच सांगितलीय डॉक्टरांनी. मध्यम कडक. तू पहिल्या दुकानात म्हणालीस वास येतो. दुसऱ्यात उंच. इथं रंग. अगं, सकाळी भिंतीला धरून उठतेस ते मी बघत नाही का? मला काय वाटतं, ते कधी विचारलंस?”

त्यांचा आवाज थोडा चढला होता. बाई नजर चुकवून टेप गुंडाळायला लागल्या. मग समजुतीनं म्हणाल्या, “काकू, दोन मिनिटांत गादी कळत नाही. पंधरा मिनिटं शांत पडा दोघंही. मी काही बोलत नाही. मग नको वाटली तर नको.”

“पंधरा मिनिटं,” मिस्त्री म्हणाले. “माझ्यासाठी. मग तू म्हणशील तसं.”

ताई पुन्हा आडव्या झाल्या, नवऱ्याकडं तोंड करून. मध्ये तो ग्लास होता. मिस्त्रींनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, “आहेस?”

“आहे,” ताई म्हणाल्या.

ही त्यांच्या धंद्यातली पद्धत होती. एक जण लिफ्टच्या टपावर, दुसरा वर मशीनच्या खोलीत. लिफ्ट हलवायच्या आधी एकानं “आहेस?” विचारायचं, दुसऱ्यानं “आहे” म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय कळ दाबायची नाही. मोटरच्या आवाजात ऐकू येत नसेल तर दोघांच्या मनगटांना एक दोरी, एक हिसका म्हणजे प्रश्न, एक हिसका म्हणजे उत्तर. लग्न झाल्यावर ही पद्धत घरात आली आणि मोरीच्या दारापासून बाजारातल्या गर्दीपर्यंत सगळीकडं चालायला लागली.

“आहेस?”

“आहे.”

कंबर हळूहळू मोकळी होत होती. ताईंना ते जाणवत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. गादीनं कमरेखाली हात घालून ती वर धरल्यासारखं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कणभरही न दुखता त्या पडून होत्या. डोळे उघडे ठेवायचे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ग्लासाकडं पाहत राहायचं. ग्लासातल्या पाण्यावर छताचा दिवा दिसत होता, न हलता. कितीतरी वेळ तो तसाच दिसत राहिला.

“काकू. अहो काकू!”

ताईंनी डोळे उघडले, तेव्हा पहिल्यांदा दिसला तो ग्लास. काठोकाठ भरलेला, स्वस्थ. आणि त्याच्या पलीकडं मिस्त्री थरथरत होते. जबडा आवळलेला, ओठ पांढरे, कपाळावरचा घाम ओघळून कानात जात होता. हाताची बोटं चादर चिवडत होती. एका हाताच्या अंतरावर. आणि ताई झोपल्या होत्या.

“काकांना काय होतंय बघा,” दुकानातल्या बाईंचा आवाज कापत होता. “मी इथून जात होते म्हणून… हार्टचं आहे का? गाडी बोलावू?”

“नाही. साखर उतरलीय.” ताईंनी पर्स उपडी केली. किल्ल्या, रुमाल, नातीचा फोटो, आणि ग्लुकोजचा पुडा. चार वर्षांत हा पुडा पर्समधून कधी बाहेर राहिला नव्हता. बोटांना मात्र तो फाडता येईना. शेवटी दातांनी फाडला. मधला तो ग्लास उचलला, निम्मं पाणी गादीवर सांडलं, उरलेल्यात पूड ढवळली आणि मिस्त्रींचं डोकं मांडीवर घेऊन चमचा नव्हता म्हणून बोटानं त्यांच्या गालात थेंब थेंब सोडायला सुरुवात केली.

“गिळा. अहो, गिळा. आहात ना? म्हणा आहे. नुसतं आहे म्हणा.”

काही उत्तर आलं नाही. ताईंना दिसत होतं ते भिंतीवरचं घड्याळ. तीन वाजून दहा मिनिटं. सकाळी सुई घेतलेल्या माणसाला आपण तीन दुकानं फिरवलं. वास येतो, उंच आहे, रंग नाही आवडला. जेवायची वेळ टळून दोन तास झाले आणि ज्या बाईनं चार वर्षं ह्या माणसाचा घास मोजला, तिला आज आठवण झाली नाही. त्या गादीला घाबरल्या होत्या आणि त्या घाबरण्यात सगळं विसरल्या होत्या. गाठ एक की दोन, एक की दोन, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

मिस्त्रींनी एक घोट गिळला. मग दुसरा. बोटं थांबली. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडून छताकडं, मग बायकोकडं पाहिलं आणि जीभ ओठांवरून फिरवली.

“तोंड गोड लागतंय,” ते जड जिभेनं म्हणाले.

ताईंनी रुमालानं त्यांचं कपाळ पुसलं.

“बिस्किटं खाल्ली का मी? इथं? दुकानात?”

दुकानातल्या बाई धावत जाऊन स्वतःचा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, तो तसाच हातात धरून उभ्या होत्या. सगळे पाहत होते. जाड गृहस्थ उठून बसले होते. आणि मिस्त्री आपल्या ओल्या शर्टाला हात लावून पाहत होते, बायकोची उपडी पर्स पाहत होते, फाटलेला पुडा पाहत होते. ते यंत्रांचे मिस्त्री होते. एखादा भाग सुटा दिसला की तो कुठून सुटला हे शोधायची सवय होती. त्यांचं तोंड हळूहळू बदललं.

“बिस्किटं कधीच नव्हती,” ते म्हणाले.

“नव्हती.”

“दोनदा झालंय म्हणालीस.”

“एकोणीस वेळा,” ताई म्हणाल्या. “आजची वीस.”

त्यांना वाटलं होतं, हे सांगितल्यावर मोठं काहीतरी होईल. मिस्त्री ओरडतील, किंवा रडतील. मिस्त्रींनी नुसतं विचारलं, “आणि तुला कळायचं कसं?”

“गादी हलायची,” ताई म्हणाल्या आणि मग त्यांना रडू आवरेना. एवढ्या अनोळखी माणसांत, गादीच्या दुकानात, चप्पल न घालता त्या रडल्या. “ही हलत नाही हो. मी झोपले होते. तुम्ही इथं थरथरत होता आणि मला छान झोप लागली होती.”

दुसऱ्या दिवशी दोघं साखरेच्या डॉक्टरांकडं गेली. ह्या वेळी ताईंनी सगळं सांगितलं, एकोणीस तारखा सांगितल्या. त्या कुठं लिहिलेल्या नव्हत्या, तरी एकही चुकली नाही. डॉक्टरांनी जुने कागद उलटून पाहिले. मग म्हणाले, “ताई, मी माप वाढवलं तेव्हा तुम्ही इथंच बसला होता.”

“हो.”

“त्यानंतर किती वेळा?”

“अकरा,” ताई म्हणाल्या. मिस्त्रींनी टेबलाखालून त्यांचा हात धरला. डॉक्टरांनी सुईचं माप जवळपास निम्म्यावर आणलं, झोपण्यापूर्वी काहीतरी खायला सांगितलं, तपासायचं यंत्र वेगळ्या जातीचं लिहून दिलं. ते यायला आठवडा लागणार होता. आता पुन्हा होणार नाही का, असं ताईंनी विचारलं, तेव्हा ते खरं बोलले. म्हणाले, “कमी होईल. नाहीच होणार असं मी सांगू शकत नाही.”

गादी मिस्त्रींनीच घेतली, ताईंना न विचारता. तीच, रंग न आवडलेली. चौथ्या दिवशी दोन हमाल ती घेऊन आले आणि जुनी बाहेर नेऊन जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवली. उभी केल्यावर खड्डा आणखीच दिसायला लागला. एखाद्यानं तिथं बसून बसून जागा केली असावी, असा. ताई दारात उभ्या राहून त्याकडं पाहत होत्या. हमालांनी विचारलं, “ही टाकायचीच ना, मावशी?” तर त्यांना पटकन हो म्हणता आलं नाही.

संध्याकाळी मिस्त्रींनी इस्पितळातून बाद झालेल्या एका जुन्या चादरीची लांब पट्टी फाडली. पलंगावर बसून एक टोक आपल्या मनगटाला बांधलं, दुसरं ताईंच्या. “मोटर चालू असली की हाक ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “तेव्हा दोरी. मला थरथर आली की तुला हिसका बसेल. गादीला जे कळत नाही ते पट्टीला कळेल.”

त्यांनी लिफ्टच्या सवयीनं ताईंच्या मनगटावर दोन गाठी मारल्या, घट्ट. ताईंनी वरची गाठ नखांनी सोडवली.

“अगं, सुटेल ना!”

“एकच असू दे.”

“का?”

“नका विचारू ना. एकच.”

मिस्त्रींनी विचारलं नाही. स्वतःच्या मनगटावरचीही दुसरी गाठ सोडली.

ताईंना जाग आली तेव्हा खोलीत ऊन आलं होतं. आधी कंबर जाणवली, म्हणजे जाणवलीच नाही, आणि मग मनगटावरची पट्टी. ती सैल होती. त्यांनी शेजारी हात टाकला. गादी सपाट आणि गार होती. त्या उठून बसल्या. भिंतीला न धरता.

मिस्त्री खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पट्टीचं दुसरं टोक त्यांच्या मनगटावर तसंच होतं. पट्टी पलंगावरून उतरून जमिनीवरून त्यांच्यापर्यंत गेली होती. डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले.

“आठ तास,” ते म्हणाले. “एकदाही उठली नाहीस. मी मोजत होतो.”

“आणि तुम्ही? पुन्हा खुर्चीत?”

“भीती वाटली.” त्यांनी ते सरळ सांगून टाकलं. “पण ह्या वेळी निराळी. म्हटलं, मी झोपलो आणि काही झालं, तर ही जागी होणार. चार वर्षं जागीच आहे. एक दिवस तरी हिला झोपू दे.”

ताई उठल्या. त्यांनी मिस्त्रींच्या हाताला धरून त्यांना पलंगाकडं आणलं, गादीवर निजवलं, चादर ओढली. साखर तपासली, बिस्किटाचे दोन तुकडे चारले, खरेखुरे. मिस्त्री चावता चावता हसले आणि शेवटचा घास गिळताच त्यांचे डोळे मिटायला लागले.

“कामाला जायचंय ना तुला?” ते पुटपुटले.

“कळवते मी. झोपा.”

त्या खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या. मिस्त्रींचा डोळा लागला. ताईंनी गादीवर तळहात पसरून ठेवला आणि थांबून पाहिलं. काहीच कळलं नाही. मग त्यांनी पट्टीचा ढिला भाग हळूहळू मनगटाभोवती गुंडाळला, मध्ये जराही सैल राहणार नाही इतका, गाठ चाचपून पाहिली, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.